पाहुणेपण संपतं तेव्हा

(अंधेरी येथील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला आहे, 'परदेशात स्वयंसेवक म्हणून रुजताना'. ओळख करून देताना माझ्यासाठी 'समाजसेविका' असा शब्द वापरला गेला. तो मी आधीच परत करते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. राहते घाटकोपरला, नोकरी अंधेरीत, तुमच्यातल्या बऱ्याच जणांसारखी रोज मेट्रोने जाते-येते. मधली दीड वर्षं मी केनियाच्या किनाऱ्यावर, मोम्बासाच्या दक्षिणेला, सरकारी दवाखान्यांच्या आकडेवारीचं काम करायला स्वयंसेवक म्हणून होते. एवढंच.

म्हणून मी आज फक्त माझं सांगणार नाही. माझ्यापेक्षा कितीतरी अवघड जागी जाऊन रुजलेला एक मराठी माणूस आपल्याकडे होऊन गेला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. त्यांचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, सिनेमाचं नावही ठाऊक असतं, पण ते तिथे राहिले कसे, हे फारसं कोणी विचारत नाही. मला ते विचारावंसं वाटतं, कारण निघून जाणं सोपं असतं. तिकीट काढलं की माणूस जातो. खरा प्रश्न पोहोचल्यानंतरचा आहे.

आधी आपल्या घरांबद्दल बोलू. माझं गाव खेड तालुक्यातलं. तिथे घरटी एक माणूस कुवेत, सौदी नाहीतर कतारमध्ये आहे. त्याआधीची पिढी बोटीवर होती. त्यामुळे परदेश हा शब्द आमच्या घरात नवीन नाही, पण त्याचा अर्थ एकच : कमाई. मी पगाराशिवाय जाणार, फक्त राहण्याखाण्याचा भत्ता मिळणार, असं कळल्यावर दादीने सरळ विचारलं, मग तू घरी पाठवणार काय? मला तो प्रश्न अडाणी वाटला नाही. आजही वाटत नाही. तुमच्या घरी कोणी असं विचारलं, तर चिडू नका. तिच्या नवऱ्याने आणि मुलांनी परदेशातून पाठवलेल्या पैशांवर घर उभं राहिलं होतं. तिला हिशेब हवा होता. हिशेब द्यायलाच हवा.

पण कमाईखेरीज दुसऱ्या कारणाने परदेशी जायची वाटसुद्धा आपल्या मुंबई बंदरातूनच गेली आहे, आणि ती जुनी आहे. १९१२ च्या डिसेंबरात डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचं वैद्यकीय पथक मुंबईहून तुर्कस्तानला निघालं. बाल्कन युद्ध चालू होतं, जखमींवर उपचार करायचे होते. खर्चासाठी देशभरातल्या मुसलमानांनी वर्गणी दिली होती. पथकात डॉक्टर होते, तसे मदतनीस म्हणून गेलेले अलीगढचे विद्यार्थीही होते. पुढच्या वर्षी पथक परतलं. हेच अन्सारी १९२७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पण त्या विद्यार्थ्यांपैकी एक, पेशावरचा अब्दुर रहमान, तुर्कस्तानातच राहिला. तो तुर्की शिकला, तिथल्या सैन्यात गेला, १९२० मध्ये अनादोलू ही वृत्तसंस्था निघाली तेव्हा तिच्या अगदी सुरुवातीच्या पत्रकारांपैकी एक झाला, आणि पुढे अंकाराच्या सरकारने त्याला आपला प्रतिनिधी म्हणून काबूलला पाठवलं. १९२५ मध्ये इस्तंबूलमध्ये त्याच्यावर गोळी झाडली गेली आणि त्यातच तो गेला.

दुसरं पथक १९३८ चं. त्याच्या वर्षभर आधी जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं होतं. 'एट्थ रूट आर्मी' या चिनी फौजेचे सेनापती झू द यांनी जवाहरलाल नेहरूंकडे डॉक्टर मागितले. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी लोकांना आवाहन केलं. २२ हजार रुपये जमले, एक रुग्णवाहिका मिळाली आणि पाच डॉक्टर ठरले : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. कोटणीस परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले. सप्टेंबर १९३८ मध्ये बोट सुटली तेव्हा त्यांचं वय २७ होतं. तुमच्यातल्या कितीतरी जणांएवढं.

चौघं परत आले, एक आला नाही. पत्रकार-लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये याच अर्थाच्या इंग्रजी नावाचं पुस्तक लिहिलं, 'अँड वन डिड नॉट कम बॅक'. त्यावरून १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. पटकथा अब्बास आणि व्ही. पी. साठे यांची. अब्बास इथून जवळच, जुहूला राहायचे. सोलापूरच्या एका डॉक्टरची गोष्ट देशभर पोचवली ती पानिपतहून मुंबईत आलेल्या एका मुसलमान लेखकाने आणि त्याच्या मराठी मित्राने. ही मुंबईची जुनी रीत आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता मुद्द्याकडे येते. कोटणीसांच्या चार वर्षांकडे पाहिलं की मला तीन प्रश्न दिसतात. परदेशात स्वयंसेवक म्हणून जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने ते स्वतःला विचारावेत. पहिला : बोलावलं कोणी? दुसरा : मी तिथे कोणाचं ऐकणार? तिसरा : मी निघाल्यावर मागे काय राहणार?

पहिला प्रश्न. कोटणीस स्वतःहून कोणाचा उद्धार करायला गेले नव्हते. तिथून मागणी आली होती, आणि मागणी स्पष्ट होती : आमच्याकडे डॉक्टर कमी आहेत, शस्त्रक्रिया करणारे पाठवा. आज उलटं चित्र फार दिसतं. 'परदेशात स्वयंसेवक व्हा' अशा जाहिराती असतात, पैसे आपणच भरायचे, दोन आठवडे मुलांना शिकवायचं, फोटो काढायचे आणि परत यायचं. त्या मुलांकडे मग पुढच्या दोन आठवड्यांनी नवीन ताई-दादा येतात. मुलांनी दर पंधरा दिवसांनी नव्या माणसाला जीव लावायचा आणि तो तुटू द्यायचा. ही सेवा नव्हे, सहल आहे. जिथे जागा भरण्यासाठी तुमच्याकडूनच शुल्क मागतात, तिथे तुम्ही स्वयंसेवक नसता, गिऱ्हाईक असता.

खरी जागा कशी ओळखायची? तिथे कामाचं वर्णन लेखी असतं. कोणत्या कार्यालयाने, कोणत्या कामासाठी माणूस मागितला ते लिहिलेलं असतं. मुलाखत होते आणि नकारही मिळतो. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० मध्ये आमसभेच्या ठरावाने स्थापन झाला. त्याचं मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे. तिथे तरुणांसाठी १८ ते २६ वयोगटाची वेगळी सोय आहे आणि अनुभवी लोकांसाठी २७ वर्षांपुढची. पगार नसतो, राहणीमानापुरता भत्ता असतो, विमा असतो, अर्जाला पैसे लागत नाहीत. इतरही चांगल्या संस्था आहेत. मी ज्या संस्थेतर्फे गेले तिचं नाव घेत नाही, कारण मी इथे कोणाची जाहिरात करायला उभी नाही.

दुसरा प्रश्न, मी तिथे कोणाचं ऐकणार? आपल्या इंजिनिअर लोकांना हा सगळ्यात जड जातो. केनियाने २०११ पासून देशभरातल्या दवाखान्यांच्या आकडेवारीसाठी डीएचआयएस-२ नावाची प्रणाली वापरायला घेतली. ती ओस्लो विद्यापीठाने विकसित केलेली, सगळ्यांना मोफत आणि खुली आहे. २०१३ पासून तिथली आरोग्यसेवा ४७ काउंट्यांकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांकडे गेली. माझं काम असं होतं : लहान दवाखान्यातली नर्स दिवसभर कागदी रजिस्टरात नोंदी करते, महिनाअखेरीला त्यांची बेरीज एका तक्त्यावर उतरवते, आणि तो तक्ता संगणकात जातो. या साखळीत आकडे कुठे गळतात ते शोधायचं आणि तिथल्याच माणसांना ते पकडायला शिकवायचं.

माझी वरिष्ठ एक अनुभवी नर्स होती. पहिल्या आठवड्यात तिने मला एक कपाट दाखवलं. त्यात आधीच्या स्वयंसेवकांनी केलेल्या तीन वेगवेगळ्या प्रणालींच्या छापील पुस्तिका होत्या. तिन्ही बंद. करणारे गेले, त्यांच्याबरोबर पासवर्ड गेले, दुरुस्तीची माहिती गेली. तिने मला शांतपणे सांगितलं की नवीन काही बनवायचं नाही, जे आहे ते चालतं ठेवायचं. इंजिनिअरला नवीन काही बनवू नको म्हणणं म्हणजे स्वयंपाक्याला चुलीजवळ जाऊ नको म्हणण्यासारखं आहे. पण तिचं बरोबर होतं, आणि ती माझी वरिष्ठ होती. पहिले दोन महिने मी नर्सच्या शेजारी बसून रजिस्टरातल्या रेघा मोजल्या. तिसऱ्या महिन्यात एका दवाखान्यातल्या बाईने मला झापलं, तक्ता वेळेत आला नाही म्हणून. त्या दिवशी मला बरं वाटलं. पाहुणीला कोणी झापत नाही.

रुजणं म्हणजे माझ्या दृष्टीने हेच. तिथला पदार्थ आवडू लागणं, तिथले कपडे शोभून दिसणं, हे सगळं छान आहे, पण पर्यटकालाही जमतं. ज्या दिवशी लोक तुमच्याकडे कामाचा जाब मागतात, तुम्ही रजेवर गेलात तर त्यांची अडचण होते, त्या दिवशी तुमचं पाहुणेपण संपतं.

कोटणीसांचं पाहुणेपण फार लवकर संपलं. पथक १९३९ मध्ये येनानला पोचलं. पुढे कोटणीस आघाडीच्या डोंगराळ भागात गेले. खाणं तिथल्या सैनिकांचं, म्हणजे मुख्यतः राळ्यासारखं भरड धान्य. १९४० मधल्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या, ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट : ते चिनी भाषा बोलायला आणि वाचायला शिकले, आणि त्याच भाषेत तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवू लागले. ७२ तास जागायला ताकद लागते, निकड लागते. दुसऱ्याच्या भाषेत, विद्यार्थ्यांसमोर, अडखळत उभं राहायला वेगळं काहीतरी लागतं. तिथे आपली पदवी उपयोगाची नसते. पहिलीतल्या पोरासारखं चुकायला तयार असावं लागतं.

भाषेबद्दल थोडं अधिक सांगते, कारण माझी दीड वर्षं भाषेने तारली. केनियाच्या किनाऱ्यावर स्वाहिली बोलतात. जाण्याआधी मी चार महिने रोज अर्धा तास शिकले. अर्धी भाषा ओळखीची निघाली. तिथे हिशेबाला 'हेसाबू' म्हणतात, दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', रंगाला 'रांगी', वकिलाला 'वाकिली', तारखेला 'तारेहे', जगाला 'दुनिया', आणि शाळेच्या वहीला 'दफ्तारी'. आपण पाठीवर दप्तर घेऊन शाळेत गेलो, त्यांच्या दप्तरात आपण लिहितो. अरबी आणि फारसी शब्द व्यापाराच्या वाटेने त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले. हे शब्द कोणा एका धर्माचे नाहीत, बंदरांचे आहेत. मराठीतून असे शब्द वेचून काढावेत म्हणणाऱ्यांना मी मोम्बासाची एक चक्कर सुचवेन.

घड्याळही शिकावं लागतं. मोम्बासा विषुववृत्ताच्या दक्षिणेला फक्त चार अंशांवर आहे. सूर्य वर्षभर साधारण सहा-साडेसहालाच उगवतो आणि मावळतो. म्हणून स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा 'सा मोजा', पहिला तास. दहा वाजताची बैठक म्हणजे 'सा न्ने', चौथा तास. सहा तासांचा फरक डोक्यात पक्का बसला की समजावं, आपण तिथे राहायला लागलो.

आणि नमस्कार. तिथे कामाचं थेट बोलत नाहीत. आधी 'हबारी', म्हणजे खबर काय. सकाळची खबर, घरची खबर, कामाची खबर. वडीलधाऱ्यांना 'शिकामू' म्हणायचं, ते 'मराहाबा' म्हणतात. मगच फाइल उघडायची. अंधेरीच्या ऑफिसात आपण यातली तीन मिनिटं वाचवतो आणि ती कुठे जातात कोणाला कळत नाही.

आता नावाचा प्रश्न. हा तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे, म्हणून जरा थांबून सांगते. पथकातल्या पाचही डॉक्टरांनी चिनी नावं घेतली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, हा शब्द जोडला. कोटणीस झाले 'के दिहुआ'. १९४१ मध्ये त्यांनी ग्वो चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव 'यिनहुआ' : यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. दोन देश एका नावात ठेवता येतात, एक ठेवायला दुसरा पुसावा लागत नाही.

इथे मुंबईत भाड्याचं घर शोधताना आपल्यातल्या अनेकांना नाव सांगितल्यावर फोनवरची शांतता ऐकू आलेली असते. मलाही आली आहे. केनियात माझं नाव ऐकून कोणी थबकलं नाही. तिथे मी 'म्हिंदी' होते. म्हिंदी म्हणजे भारतीय माणूस. हिंदू, मुसलमान, शीख, गुजराती, मराठी, सगळे म्हिंदी. पहिल्या महिन्यात मला त्याचं फार सुख वाटलं. नंतर त्या शब्दाचं वजनही कळलं. इंग्रजांनी १८९६ पासून मोम्बासाहून रेल्वे बांधायला घेतली तेव्हा हजारो मजूर भारतातून, मुख्यतः पंजाबातून नेले, आणि त्यातले जवळजवळ अडीच हजार तिथेच मेले. पण लोकांच्या मनात म्हिंदी म्हणजे तो मजूर नाही. म्हिंदी म्हणजे गल्ल्यावर बसलेला दुकानदार, मालक. काउंटरच्या पलीकडचा माणूस. माझ्याकडेही सुरुवातीला तसंच पाहिलं गेलं. इथे अल्पसंख्य म्हणून जगलेली मी तिथे गेल्यावर अचानक ताकदवान गटातली झाले. दोन्ही बाजू अनुभवायला मिळाल्या. काउंटरच्या अलीकडे येऊन बसायला वेळ लागतो, आणि त्याला भाषण नाही, रोजची वागणूक लागते. मटाटूत, म्हणजे तिथल्या शेअर गाडीत, सगळ्यांबरोबर दाटीने बसणं. लिकोनीच्या फेरीबोटीला गर्दीत उभं राहणं. आपल्या वर्सोवा-मढ जेट्टीची आठवण यायची, फक्त गर्दी कित्येक पटींनी जास्त.

एक गोष्ट मात्र घरचीच निघाली. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. उत्तर भारतातले बहुतेक मुसलमान हनफी, त्यामुळे मुंबईतही नमाजेतले छोटे फरक लोक दाखवून देतात. स्वाहिली किनाराही शाफई. दोन्हीकडे अरब व्यापारी मोसमी वाऱ्यांवर गलबतं हाकत आले, त्याची ही खूण. 'मोसम' शब्द तिथे 'म्सिमू' झाला आहे. रमजानमध्ये त्यांच्या घरी रोजा सोडताना मला कोणी काही समजावून सांगावं लागलं नाही. आणि एरवी नाश्त्याला नारळाच्या दुधात शिजवलेल्या तुरीच्या दाण्यांबरोबर 'महाम्री' नावाचे गोडसर वडे. खेडची बाई आणखी काय मागणार?

तरीही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मन बसलं. हे जवळजवळ सगळ्यांचं होतं, म्हणून आधीच सांगते. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानवशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात याचे टप्पे मांडले. आधी सगळं नवं आणि गोड वाटतं, मग सगळ्याचा राग येतो, मग हळूहळू सावरतो, आणि शेवटी तिथलं जगणं साधं वाटू लागतं. रागाच्या टप्प्यात माणूस आपल्या देशाच्या लोकांमध्येच बसून तिथल्या लोकांना नावं ठेवतो. म्हणून त्या काळात दोन गोष्टी कराव्यात. तिथल्या एका तरी घरी दर आठवड्याला जायचं ठरवून ठेवावं, मन नसलं तरी. आणि घरी फोन रोज न करता ठरलेल्या वारी करावा. केनिया आपल्या अडीच तास मागे आहे, त्यामुळे अम्मीच्या जेवणानंतरची वेळ मला सोयीची होती. रोज फोन केला की माणूस शरीराने तिकडे आणि जिवाने इकडे राहतो. दोन्ही घरांचं नुकसान.

आणि घराची किंमत असते. ती लपवू नये. कोटणीस चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची बातमी आली. ते परतले नाहीत, आघाडीकडे गेले. हे मी आदर्श म्हणून सांगत नाही. सोलापुरातल्या त्या घरात तेव्हा काय चाललं असेल, याचा विचार मनात येतो. मोठी आई-बहीण-भावंडांची ओढ सोडून माणूस गेला की त्याचं काम मागचे करतात. माझ्या वेळी अब्बांच्या औषधपाण्याचं सगळं भावाने आणि वहिनीने पाहिलं. स्वयंसेवक मी एकटी नव्हते. ते दोघंही होते, फक्त त्यांना कोणी भाषणाला बोलावत नाही.

म्हणून दादीच्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. मी जाण्याआधी दोन वर्षं पैसे बाजूला टाकले, घराच्या कर्जाचे माझ्या वाट्याचे दीड वर्षाचे हप्ते खात्यात ठेवले, अब्बांचा आरोग्य विमा चालू ठेवला. भत्त्यातून उरवून घरी पाठवेन, असं गृहीत धरू नका. तो तिथेच संपतो, संपायलाच हवा. काही बारीक गोष्टी : केनियासारख्या देशातून परतताना भारत पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागतो. मुंबईत ही लस सहार रोडवरच्या विमानतळ आरोग्य केंद्रात मिळते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. परवाना कोणत्या प्रकारचा आहे ते स्वतः वाचा, पर्यटक व्हिसावर कामाला पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पोचल्यावर भारतीय दूतावासात नोंद करा. मुलींना एक जास्तीचं : संध्याकाळी कामावरून घरी कसं जायचं, हे पहिल्याच दिवशी तिथल्या बायकांना विचारा. संस्थेच्या पुस्तिकेपेक्षा त्यांना जास्त कळतं.

तिसरा प्रश्न उरला : मागे काय राहणार? कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून चीनमध्येच १९३९ मध्ये रक्तात विष पसरून गेले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक, जानेवारी १९४१ मध्ये, कोटणीस झाले. एका परक्याच्या नावाचं रुग्णालय, संचालक दुसरा परका, आणि शिकणारे सगळे तिथले. कोटणीस शल्यचिकित्सेचं पाठ्यपुस्तक लिहीत होते. फेफऱ्याच्या आजाराने ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले, तेव्हा वय ३२, मुलगा साडेतीन महिन्यांचा. पण ज्यांना त्यांनी त्यांच्याच भाषेत शिकवलं होतं, ते दुसऱ्या दिवशी कामावर होते. हेच मागे राहणं. माझ्या कामात ते फार लहान प्रमाणात होतं. मी निघाले तेव्हा माझ्या नावाची एकही प्रणाली तिथे नव्हती. चार दवाखान्यांतल्या सहा जणी बेरजेतली चूक स्वतः पकडत होत्या आणि नव्या येणारीला शिकवत होत्या. कपाटात चौथी पुस्तिका गेली नाही.

शेवटी, मला दर वेळी विचारला जाणारा प्रश्न. गोवंडी, मानखुर्द, मुंब्रा इथे काम कमी आहे का, की केनियाला जायचं? कमी नाही. मी रविवारी गोवंडीत असते आणि तिथेही हेच तीन प्रश्न लागू आहेत. घाटकोपरहून गोवंडीला जाणारी इंजिनिअर बाईसुद्धा पाहुणीच असते. कोणी बोलावलं, कोणाचं ऐकणार, मागे काय राहणार, हे तिथेही विचारावं लागतं. केनियाने मला ते विचारायला शिकवलं, कारण परदेशात आपण परके आहोत हे लपत नाही. आपल्याच शहरात ते लपतं, आणि म्हणून आपण न विचारताच मदत करायला सुटतो.

ज्यांना जायचं आहे, त्यांनी जरूर जावं. आपल्या मुलामुलींनी परदेश फक्त पगारासाठी पाहावा, असं कुठे लिहिलेलं नाही. आणि ज्यांना घरच्या जबाबदारीमुळे जाता येणार नाही, त्यांनी कमीपणा मानू नये. पण दोघांनीही एक काम आजपासून करावं. ज्या लोकांमध्ये काम करायचं आहे, त्यांची भाषा शिकायला घ्या. स्वाहिली असो, तमिळ असो, नाहीतर शेजारच्या वस्तीतली भोजपुरी. रोज अर्धा तास. सहा महिन्यांनी त्या भाषेत तुम्हाला कोणी झापलं, तर समजा, तुम्ही पोचलात.